न धुतलेली भाजी

परळीच्या स्टेशनवर गाडी लागली, तेव्हा आईने सगळ्यात शेवटी माझ्या हातात दिली ती एक कापडी पिशवी. आकाराने उशीएवढी आणि वजनाला काहीच नाही. आत हरभऱ्याचा वाळवलेला पाला होता. लग्नाला महिनाही झाला नव्हता. बॅगा, मिक्सर आणि आहेरात आलेले स्टीलचे डबे सीटखाली कोंबून माझा नवरा, बालाजी, घामाघूम झालेला. त्याने पिशवीकडे बघून आईला विचारलं, "मामी, बंगळुरात भाजी मिळत न्हाई का?"

"मिळत आसंल," आई म्हणाली, "पर ही न्हाई मिळायची." मग खिडकीच्या गजांतून तोंड जवळ आणून मला सांगितलं, "धुऊ नको बरं का माय. धुतली की आंब जाती."

अण्णा, म्हणजे माझे वडील, सिग्नलकडे बघत उभे होते. सिग्नल कधीच पडला होता, तरी बघत होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी हातही वर केला नाही. आई त्यांना म्हणाली, पण मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "आवं, खुडल्याबिगर हरभरा फुटतो का?"

ज्यांना शेत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हरभरा वीतभर वाढला की बाया त्याचे कोवळे शेंडे खुडतात. शेंडा गेला की खालून फांद्या फुटतात, झाड पसरतं, घाटे, म्हणजे शेंगा, जास्त लागतात. खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते. ओली असताना कांदा-मिरची घालून कच्चीच खातात, उरलेली सावलीत वाळवून वर्षभर पुरवतात. पानांवर एक आंबट खार असतो, तीच आंब. म्हणून ही भाजी धुवायची नसते. आणि हो, शहरात लोक एकमेकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतात म्हणे. आमच्याकडे ते झाड गुडघ्यालाही लागत नाही. चढलेला माणूस पडला तरी खरचटणार नाही.

आमचं गाव सिरसाळ्याच्या पलीकडे. तिथल्या मैत्रिणी अजून फोनवर विचारतात, "तिकडं काय खातीस गं?" आणि माझ्यासारख्या गाव सोडून लांब गेलेल्या विचारतात, "तुला सुचतं का गं काही तिकडं?" दोन्ही प्रश्नांना मला नीट उत्तर देता येत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. लिहितानाही गोंधळ होणार, हे आधीच सांगून ठेवते.

बंगळुरात पहिले काही दिवस मी मुक्यासारखी होते. पाट्या वाचता येईनात, दुकानात बोट दाखवून सामान घ्यायचं. मग एक दिवस गल्लीत भाजीची गाडी आली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई भाजीवाल्याशी भांडत होत्या, आणि त्यांच्या तोंडून मला स्पष्ट ऐकू आलं, "नक्को." मी जिन्यातच थबकले. पुढे आणखी एक शब्द आला, "हौ." आमचे आजोबा हो म्हणायचे ते असंच. या बाई म्हणजे शमीम खाला. मूळच्या कोलारच्या, घरात दखनी उर्दू बोलणाऱ्या. त्यांना मराठी येत नव्हती, मला कन्नड येत नव्हती, पण नको आणि हौ या दोन शब्दांवर आमचा संसार सुरू झाला. निजामाने आम्हाला काय दिलं याची चर्चा गावात फार चालते. मला त्याच्या राज्यातल्या बोलीने एक शेजारीण दिली.

पुढे मी एका मसाल्याच्या कंपनीत लागले. बीएस्सी झालेली होते, त्यांनी लॅबच्या कामात घेतलं. पाकिटाच्या मागे एक चौकट असते ना, प्रथिनं अमुक, लोह तमुक, ती भरायचं काम आमच्या खोलीत चालतं. आईला हे सांगितलं तेव्हा तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मंजी पाकिटात काय हाय ते तुमी सांगता. पर ते अंगी लागतंय का न्हाई, ते कोण सांगतं?"

मी हसले होते. अंगी लागणं हा आईचा नेहमीचा शब्द. माझा भाऊ लहानपणी दूधतूप खाऊन काडीसारखा होता, तर त्याच्या अंगी लागत नाही म्हणायची. कुणाचं शिक्षण, कुणाची सून, कुणाची बदली, सगळं तिच्या लेखी अंगी लागतं किंवा लागत नाही. फोनवरही तिचा तोच प्रश्न असायचा. आधी भाजीबद्दल आणि मग, "शहर अंगी लागतंय का?"

मला दिवस गेले तेव्हा हा शब्द माझ्या मानगुटीवर बसला. तपासणीत रक्त कमी निघालं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात चर्चेला जागाच नाही. आईने माळवदाखालची खोली सारवून घ्यायला काढली होती, बाज विणायला टाकली होती. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हिमोग्लोबिन असंच राहिलं तर इतक्या लांबचा प्रवास नाही, आणि गावाकडे वेळेला रक्त मिळेल याची खात्री नसेल तर बाळंतपण इथेच. वाढलं तर जा. झालं, माझं माहेर एका आकड्याला टांगलं गेलं.

त्यांनी विचारलं, रोज काय खाता? मी आमच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "चने की भाजी." त्या खूश झाल्या. चना चांगला, म्हणाल्या, चालू ठेवा, पण पालेभाजी अजिबात दिसत नाही, ती वाढवा. मी म्हटलं, हीच पालेभाजी. त्या म्हणाल्या, चना ही पालेभाजी नाही. मी म्हटलं, आहे. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की रक्ताबरोबर आणखी काही कमी आहे की काय. पुढच्या वेळी मी डब्यात थोडा वाळका पाला नेला, तेव्हा कुठे उलगडा झाला. महिनाभर त्या माझ्या ताटात उसळ धरून चालल्या होत्या आणि माझ्या ताटात होता पाला. त्यांनी तो चिमटीत धरून हुंगला आणि म्हणाल्या, याबद्दल मला काही माहीत नाही, गोळ्या घ्या आणि नुग्गे सोप्पू खा.

नुग्गे सोप्पू म्हणजे शेवग्याचा पाला. घरी येऊन हे कळलं तेव्हा मला रडावं का हसावं समजेना. आमच्या विहिरीवर शेवगा आहे. आम्ही त्याच्या शेंगा खातो, पाला शेळीला घालतो. म्हणजे आमची शेळी ठणठणीत आणि मी फिकट, याचं कारण हे होतं तर. शमीम खालांना बातमी कळायचा अवकाश, त्या दुसऱ्याच दिवशी मोठी जुडी घेऊन वर आल्या. पानं ओरबाडून दिली, तीन पाण्यांनी धुऊन दिली, डाळीत घालून दाखवलं. माझ्या ओट्यावरची हरभऱ्याची पिशवी बघून म्हणाल्या, "ये क्या है बेटी? धोए बगैर कुछ भी नक्को खाओ."

इकडे फोनवर आई. "शेवग्याचा पाला? कावून गं? गाभणी शेळी हायस का तू? हरभऱ्याची भाजी खा. मी तुज्या येळंला तेच खाल्लं."

बालाजी मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात देखभालीला आहे. त्याला कुठल्याही गोष्टीचा सोक्षमोक्ष लावायचा असतो. त्याने मोबाईलवर दोन्ही पाल्यांचे आकडे शोधले आणि विजयी मुद्रेने सांगितलं की शेवगा कितीतरी पुढे आहे. मी पाहिलं तर शेवग्याची पावडर होती आणि हरभरा ओला. वाळवलेल्यातलं पाणी गेलेलं असतं, आकडा फुगणारच. ओल्या जळणाशी वाळलेलं जळण तोलण्यातला प्रकार. मग त्याने उलट केलं, वाळका हरभरा आणि ओला शेवगा, तर हरभरा पुढे. तिसऱ्या ठिकाणी दोन्ही ओले, पण तिथले आकडे पहिल्या दोन्हींशी जुळेनात. तो वैतागून म्हणाला, "तुमच्या लॅबमध्ये रोज हेच चालतं का?" ऑफिसात मला हे सगळं समजतं. आपल्याच ताटापुढे बसलं की समजेनासं होतं.

शेवटी मी दोन्ही पाले लॅबमध्ये नेले. परवानगी काढून, रीतसर. दोन्ही वाळवलेले, म्हणजे कुणावर अन्याय नको. माझ्याबरोबर काम करणाऱ्या वनजाने ते दळले, जाळले, यंत्रात घातले. खरं सांगते, परीक्षेच्या निकालालाही मी इतकी घाबरले नव्हते. मला हरभरा जिंकायला हवा होता. आईचं म्हणणं खरं निघालं की मी ते खाईन, रक्त भरेल, मी घरी जाईन, अशी एक सरळ रेघ मी मनात ओढून ठेवली होती.

हरभरा जिंकला. नुसता जिंकला नाही, लोहाचा आकडा इतका वर गेला की मी वनजाचा हात धरला. तिने मात्र कपाळाला आठी घातली. अशा पाल्यात एवढं लोह नसतं, ती म्हणाली, यात माती आहे. तू हे धुतलं होतंस का?

धुतलं नव्हतं. कोण धुणार? तिने उरलेला पाला स्वच्छ धुतला, पुन्हा वाळवून पुन्हा तपासला, आणि आकडा खाली आला. शेवग्याच्या आसपास, उन्नीस-बीस. वर तिने हेही समजावलं की मातीतलं लोखंड यंत्राला दिसतं, पण शरीर ते फारसं घेत नाही. म्हणजे मी इतका वेळ ज्याच्यावर भरवसा ठेवून होते ते भाजीतलं नव्हतंच, आमच्या वावरातल्या काळ्या मातीतलं होतं. मराठीत माती खाणं म्हणजे काय, ते मी वनजाला सांगत बसले नाही.

पण गोंधळ इथे संपला नाही, वाढला. कारण तिनेच जाता जाता सांगितलं की आंबट काही बरोबर असलं की पाल्यातलं लोह शरीराला घ्यायला सोपं जातं. आणि धुतल्यावर गेली ती आंबच की. आता करायचं काय? धुवावी तर आंबटपणा जातो, न धुवावी तर माती पोटात. लिंबू पिळ, वनजा म्हणाली. तिला ते इतकं सोपं वाटलं. मला मात्र घरी येईपर्यंत बसमध्ये एकच विचार छळत होता, की त्या पिशवीतल्या भाजीत भाजी किती आणि गाव किती.

आईला फोन करून सांगितलं. मला वाटलं ती भांडेल. ती म्हणाली, "मातीच हाय ना ती, इख तर न्हाई? आपल्याच वावराची हाय." मग म्हणाली, "तुज्यासाठी येगळा तुकडा ठिवते मी हरभऱ्याचा. अळीचं आवशद त्याच्यावर मारू देत न्हाई. अण्णा लई बोलतेत, घाटे किडतात म्हून. म्हटलं किडू द्या." हे तिने आजवर मला सांगितलं नव्हतं. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि त्यात रागही होता. एवढं सगळं करून ही भाजी शेवग्याएवढीच कशी निघते?

मी दोन्ही खाल्ले. दुपारी शेवगा, संध्याकाळी हरभऱ्याच्या पाल्याचं घोटलेलं गरगटं, एक दिवस धुऊन लिंबू पिळून, एक दिवस तसंच. गोळ्या तर होत्याच. पुढच्या तपासणीत रक्त वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या लागू पडल्या. खाला म्हणाल्या, नुग्गे सोप्पू. आई म्हणाली, "म्या म्हटलं नव्हतं?" बालाजीने श्रेय कुणालाच दिलं नाही, त्याने फक्त विचारलं की जाता येईल का. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. वाढलं, पण हवं तेवढं नाही, आणि आता दिवस भरत आले. प्रवास नको.

हे आईला सांगायचं माझ्याच्याने होईना. बालाजीने सांगितलं. आईने फोन अण्णांकडे दिला. मग अण्णांचा आवाज आला, अण्णा फोनवर कधी बोलत नाहीत. "तिला न्हाई येता येत, तर तुजी सासू येईल," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवाळी झाली आणि आई आली. सिरसाळा, परळी, फार तर अंबाजोगाई एवढंच जग पाहिलेली बाई. मी स्टेशनवर गेले नव्हते, बालाजीने आणलं. दारात उभी राहून तिने आधी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत पाहिलं. "आलंय थोडं," ती म्हणाली. मग मला जवळ घेतलं. तिच्या पदराला गाडीचा आणि गावाचा असे दोन्ही वास येत होते. मी इतकी रडले की खाला खालून धावत आल्या.

त्या दोघींचं माझ्याशिवायच जमलं. नको-हौच्या पुढे कधी गेलं कोण जाणे. एका सकाळी मी उठून आले तर ओट्याशी दोघी बसलेल्या, मध्ये शेवग्याची जुडी. आई पानं ओरबाडत पुटपुटत होती, "शेळीला घालतो गं आमी हे," आणि खाला न समजता मान डोलावत होत्या. त्या दिवशी आईने शेवग्याचा पाला पहिल्यांदा खाल्ला. दोन घास खाऊन म्हणाली, "वाईट न्हाई. पर ह्येच्यात आंब न्हाई." आणि आपल्या पिशवीतला मूठभर हरभरा त्यात चुरून टाकला. न धुता. खालांनी पाहिलं. त्यांनी त्यातलं खाल्लं नाही.

लेक इथेच झाली, सुखरूप. बाज तिकडे विणून तशीच राहिली. आई संक्रांतीपर्यंत होती, मग हरभरा काढणीला येतो म्हणून परत गेली. जाताना बाल्कनीतल्या एका कुंडीत तिने चार दाणे टोचले आणि उरलेलं बियाणं माझ्या मसाल्याच्या डब्यात ठेवलं. त्या वेळची रोपं मी कौतुकाने नुसती बघत बसले, खुडली नाहीत, म्हणून ती सरळ काडीसारखी वाढून माना टाकून बसली. यंदा पुन्हा लावली आहेत. आता लेक चालायला लागली आहे.

खुडल्याबिगर हरभरा फुटत नाही, हे आई स्टेशनवर अण्णांना समजावायला म्हणाली होती, असं मी धरून चालले होते. खरंही झालं ते. मी निघाले तशी पाठची बहीण शिकायला लातूरला गेली, भावाने घर वाढवलं, अण्णा फोनवर बोलायला लागले. झाड पसरलं. पण त्यात मी झाड नव्हते, शेंडा होते, हे मला फार उशिरा सुचलं. शेंड्याचं काय होतं ते आईने बोलून दाखवलं नव्हतं, तिने ते पिशवीत भरून माझ्या हातात दिलं होतं. तो सावलीत वाळतो, लांब जातो, तिथल्या पाण्यात पुन्हा भिजतो आणि कुणाच्या तरी अंगी लागतो. घर म्हणजे आता मला तेवढंच वाटतं, कुणाच्या तरी अंगी लागणं. मला शहर अंगी लागलं का, हे अजून सांगता येत नाही. आईने विचारलं की मी म्हणते, बघते.

काल सकाळी कुंडीतले शेंडे पहिल्यांदा खुडले. हात सवयीने नळाकडे गेला होता, मध्येच मागे घेतला. एक कोवळा शेंडा लेकीच्या तोंडात दिला. तिने डोळे घट्ट मिटले, सगळं तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा आ केला.

खालच्या अंगणातून शमीम खाला वर बघत होत्या. "धो के दिए ना बेटी?"

"हौ," मी म्हणाले, आणि दुसरा शेंडा खुडला.